तीन पाण्यांचे बोंबील

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेने मला हात धुण्यावर बोलायला बोलावलं. आयुष्यभर मी ग्रंथालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली; हात कसे धुवावेत याबद्दल मला चारचौघांपेक्षा जास्त कळतं असं मानायला काही जागा नाही. पण निवृत्त माणसाला कशावरही बोलायला बोलावतात. मंचावर हात धुण्याच्या पायऱ्यांचा रंगीत फलक होता. फलकावर पाहुण्यांचे हसरे फोटो होते आणि पायऱ्या त्या फोटोंच्या मधल्या जागेत कशाबशा बसवल्या होत्या. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. प्रात्यक्षिकाची वेळ आली तेव्हा नळाला पाणी नव्हतं, म्हणून सगळ्या शाळेने कोरडे हात एकमेकांवर चोळले आणि टाळ्या वाजवल्या. मी काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. घरी येताना रिक्षात नात म्हणाली, "आजी, तू साबणाचं काहीच बोलली नाहीस. बोंबलांचंच बोलत होतीस." तिचं खरं असणार. स्वच्छता म्हटली की मला बोंबील आठवतात आणि संस्कार म्हटले की गटार. त्याचं कारण एकदा नीट लिहून ठेवते. शाळेने वाचलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर, वाळू संपून सुरूची झाडं सुरू होतात तिथे होतं. बापू, म्हणजे माझे वडील, बोटीवर. एकदा गेले की चार-चार दिवस समुद्रात. घरात मी आणि आय. घर दोन खोल्यांचं, पण पुढचं अंगण घराच्या चौपट, आणि आम्ही घरात राहून अंगणाची नोकरी करत होतो असं म्हटलं तरी चालेल. तिथे बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधलेले असत आणि त्या दोरांवर बोंबील वाळत. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ओला बोंबील हातात धरवत नाही इतका लिबलिबीत. पण चांगलं ऊन आणि उत्तरेचा वारा मिळाला की दोन-तीन दिवसांत त्याची काडी होते, आणि मग अख्खं अंगण कोणी वर्तमानपत्र चाळावं तसं वाजायला लागतं. पुढे ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा पहिल्या सकाळी वाचनकक्षातला तो आवाज ऐकून मला कडकडून भूक लागली होती. कारण त्या आवाजातच आमची न्याहारी असे. तांदळाची भाकरी, आणि निखाऱ्यावर भाजून तळहातावर चुरलेला बोंबील, त्यावर कच्चा कांदा आणि तेलाचे चार थेंब. हे खाऊन मी शाळेत जात असे आणि त्याचा वास माझ्याबरोबर येत असे. पण हे मला फार उशिरा कळलं. माशाला पाण्याचा वास येत नसावा, तसंच ते.

त्या अंगणाचे कायदे आयने केले होते आणि त्यात दुरुस्तीची सोय नव्हती. चपला बांबूंच्या बाहेर. हात कोपरापर्यंत धुवायचे. केस घट्ट बांधायचे. "केस मालात गेला तर गिऱ्हाईक माल फेकत नाय, आपल्याला फेकतं." नखं वाढलेली दिसली की ती काही बोलत नसे, नुसती विळीकडे बघे. बोंबील तीन पाण्यांत धुवायचे. पहिलं पाणी चिकटा काढायला, दुसरं वाळू काढायला. तिसरं कशाला, असं मी एकदा विचारलं.

"पहिल्या दोन पाण्यांवर माझा विश्वास नाय," आय म्हणाली.

जे बोंबील दवात भिजत ते ती वेगळे ठेवी आणि बाजारात गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगे, "हे भिजलेले आहेत. आजच्या आज खा, साठवू नका." शेजारच्या बायका तिला हसत. भिजलेला बोंबील पुन्हा उन्हात टाकून चांगल्यात मिसळला तर साक्षात समुद्राला ओळखू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आय म्हणे, "समुद्र कुठे विकत घेतो? माणसं घेतात." आपल्या मालाबद्दल ती कधी खोटं बोलली नाही. हे वाक्य मी ठळक लिहिलं असतं, पण मला ठळक लिहिलेली वाक्यं आवडत नाहीत.

शाळेतली स्वच्छता निराळी होती. आमचे मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, देशावरून बदलून आले होते. ते मासळी खात नसत, आणि नुसते खात नसत असं नव्हे, तर खात नसल्याचं आठवड्यातून दोनदा सांगत. किनाऱ्यावरच्या शाळेत बदली म्हणजे आपल्याला कोणीतरी मुद्दाम दिलेली शिक्षा आहे असा त्यांचा समज होता, आणि ती शिक्षा ते अत्तराचा बोळा कानात घालून भोगत होते. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज 'आजचा सुविचार' आणि उजव्या कोपऱ्यात 'आजचे सामान्य ज्ञान' ते स्वतः लिहीत. प्रार्थनेनंतर तपासणी. नखं, दात, केस, कान आणि रुमाल. पहिल्या चार गोष्टी प्रत्येकाकडे होत्या. रुमाल मात्र आमच्या सातवीच्या वर्गात मिळून पाच होते.

पाच रुमालांत अख्खा वर्ग स्वच्छ ठेवण्याची पद्धत आम्हीच शोधली होती. गुरुजी रांगेच्या डाव्या टोकाने सुरुवात करत. तपासून झालेला रुमाल लगेच पाठीमागून उजवीकडे निघे, हातोहात, गुरुजींच्या पुढे पाच माणसं अंतर ठेवून. रुमाल पोचला नसेल तर मधल्या कोणीतरी खोकायचं आणि गुरुजींना कान दाखवत वेळ काढायचा. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलाच्या हातात रुमाल येई तोवर तो सगळ्या वर्गाचे हात पुसून आलेला असे, पण चार घड्या मोडून पाचवी वर आणली की तो पुन्हा स्वच्छ होई. या व्यवस्थेची देखरेख माझ्याकडे होती. म्हणून जेव्हा तालुक्यातालुक्यांतल्या शाळांची मिळून 'स्वच्छ व संस्कारी विद्यार्थी' अशी स्पर्धा तलासरीला जाहीर झाली आणि गुरुजींनी आमच्या शाळेतर्फे माझं नाव पुकारलं, तेव्हा वर्गात कोणी हसलं नाही, एवढी आमच्यात एकी होती.

माझी निवड नखांवरून झाली होती. "बघा," गुरुजी माझा हात वर धरून वर्गाला म्हणाले, "हिची नखं बघा. याला म्हणतात शाळेचे संस्कार." मी विळीबद्दल काही बोलले नाही.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला उत्तरं पाठ करून घेतली. दात किती वेळा घासावेत? दोन वेळा, सकाळी व रात्री. सर्वांत मोठं मूल्य कोणतं? सत्य. ते का? येथे थांबून परीक्षकांकडे बघावे. मी ती सगळी उत्तरं घरी अंगणात बोंबील उलटे करताना घोकत असे आणि आय ऐकत असे. एकदा तिने विचारलं, "ह्या स्पर्धेत नक्की काय बघतात?"

"कोण सगळ्यात स्वच्छ आहे ते."

"आणि नंबर आला तर?"

"गुरुजी म्हणाले, मग आठवीला मोठ्या शाळेत घालायला ते स्वतः चिठ्ठी देतील."

दुसऱ्या दिवसापासून आय या प्रकरणात जातीने उतरली. आठवीला मला पाठवायचं की अंगणात ठेवायचं हे बापूंचं आणि तिचं अजून ठरत नव्हतं. बापू म्हणायचे, पोरगी हुशार आहे, म्हणून अंगणात हवी. आय म्हणायची, हुशार आहे, म्हणून नको. ते ठरायला आता एक चिठ्ठी निमित्त होणार होती.

गणवेश म्हणजे पांढरं पोलकं आणि निळा परकर. आयने ते धुतले. तीन पाण्यांत, हे सांगायला नको. आता वाळत कुठे घालायचे? कुंपणावर धूळ, छपरावर कावळे. तिने डोळे बारीक करून सगळं आवार न्याहाळलं, आणि तिच्या मते अख्ख्या डहाणूत जी सर्वांत स्वच्छ जागा होती तिथे, मधल्या दोरावर, दोन्ही बाजूंचे बोंबील वीतभर सरकवून, पोलकं आणि परकर टाकले. दिवसभर ऊन होतं आणि वाराही चांगला होता. संध्याकाळी कपडे कडक वाळले, ती समाधानाने हसली, आणि चुरगळू नयेत म्हणून घड्या घालून तिने ते आपल्या सर्वांत चांगल्या डब्यात ठेवले. त्या पत्र्याच्या डब्यात एरवी ती वर्षभराची सुकट ठेवी. डबा आतून चकचकीत पुसला होता. मी शेजारीच बसले होते. मला काहीही वावगं वाटलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तलासरीचा बाजार होता, म्हणून आयनेही बोंबलांची टोपली घेतली; म्हणजे पोरीची सोबतही झाली आणि बाजारही. मी घरचे कपडे घालून, डबा मांडीवर धरून. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, टोपली टपावर टाका."

"टपावर ऊन आहे."

"सुके आहेत ना? मग ऊनच पाहिजे त्यांना."

"वाळलेत," आय म्हणाली. "भाजायचे नायत."

टोपली आत आली. गुरुजी सर्वांत पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर तोंड काढलं आणि गंजाड, रानशेत मागे टाकून हायवेला लागेपर्यंत ते आत घेतलं नाही. वळणावळणावर ते मागे न बघता ओरडून विचारत, "सर्वांत मोठं मूल्य?" आणि मी शेवटच्या बाकावरून ओरडून सांगे, "सत्य." एक म्हातारे गृहस्थ मध्येच झोपेतून उठून म्हणाले, "उतरायचं आलं काय?"

स्पर्धा एका शाळेच्या मोठ्या खोलीत होती. दाराबाहेर ओटा आणि ओट्याला लागून फरशीचं गटार. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सकाळीच ते घासून घेऊन त्याच्या दोन्ही काठांना चुन्याची पांढरी रेघ मारली होती. इतकं देखणं गटार मी नंतर कधी पाहिलं नाही. आय बाजार आटोपून दुपारी येणार होती. मी मागच्या खोलीत जाऊन कपडे बदलले आणि बाहेर आले. गुरुजी दोन पावलं पुढे आले, थांबले, आणि तीन पावलं मागे गेले.

"हे काय आहे?"

"गणवेश."

"वास कसला येतोय?"

मी खरोखरच वास घेऊन बघितला. "साबणाचा?"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बदलायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी कानातला अत्तराचा बोळा काढला आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर फिरवला. त्याने एवढंच झालं की आता बोंबलाला मोगऱ्याचा वास यायला लागला. आत नावं पुकारायला सुरुवात झाली होती. गुरुजी खाली वाकले आणि घाईघाईने म्हणाले, "हे बघ कुसुम, कोणी वासाबद्दल विचारलंच, तर सांगायचं, बाहेरच्या गटाराचा आहे. समजलं? चिठ्ठी लक्षात आहे ना?"

रांगेत माझ्या पुढे उधवा गावची लक्षी नावाची मुलगी होती. अनवाणी, केसांना चापून तेल, आणि शांत. तिने मागे वळून दोनदा नाक ओढलं.

"तुला बोंबलांचा वास येतोय," ती म्हणाली.

"गटाराचा आहे," मी सराव म्हणून म्हटलं.

"बोंबलांचाच आहे. मला भूक लागली."

परीक्षक तीन. शिक्षण खात्याचे साहेब, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, आणि ज्यांच्या दुकानातून बक्षिसाचे साबण आले होते ते शेठ. साहेब मूल्यं विचारत, डॉक्टर दात बघत, आणि शेठ प्रत्येकाला विचारत, "बेटा, साबू कयो वापरते?" सगळ्यांनी शेठच्या दुकानातल्या साबणाचं नाव घेतलं, कारण तो टेबलावर नावासकट ठेवला होता. लक्षीने बघून घेतलं आणि म्हणाली, "साबण दिवाळीला. एरवी माती." दात किती वेळा घासतेस? "एकदा. राखुंडीने." त्या दिवशी त्या खोलीत एकदाच दात घासणारी ती एकटीच होती. बाकी आम्ही सगळे सकाळी व रात्री.

माझी पाळी आली. नखं उत्तम निघाली. डॉक्टरांनी ती साहेबांना दाखवली, साहेबांनी शेठना. सर्वांत मोठं मूल्य? सत्य. ते का? मी थांबून परीक्षकांकडे बघितलं. साहेब खूश झाले, पुढे वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"हा वास कसला येतोय?"

दाराच्या चौकटीत गुरुजी उभे होते. मी म्हटलं, "बाहेरच्या गटाराचा, साहेब. घाण वास आहे." 'घाण' हा शब्द गुरुजींनी दिलेला नव्हता. तो माझा स्वतःचा. अजूनही तोच जास्त लागतो.

इथे गोष्ट संपली असती, पण साहेब कर्तव्यदक्ष होते. स्वच्छतेच्या स्पर्धेच्या जागीच गटार तुंबावं हे त्यांना सहन झालं नाही. ते उठले, त्यांच्यामागे डॉक्टर उठले, शेठ उठले, आणि तिघंही गटार बघायला बाहेर निघाले. यजमान मुख्याध्यापक पळत आले. "आमचं गटार? सकाळपासून त्यात पाण्याचा थेंब गेला नाही, साहेब. मी मुलांना घरी जाऊन हात धुवायला सांगितलंय." साहेब चुन्याच्या रेघेशी उकिडवे बसले आणि त्यांनी गटाराचा वास घेतला. डॉक्टरांनीही घेतला. शेठनी लांबूनच मान हलवली. गटार निर्दोष होतं. आमचे गुरुजी म्हणाले, "कधीकधी वास जातो," आणि यजमान म्हणाले, "आला असेल तर जाईल." दोन शाळांचे मुख्याध्यापक एका कोरड्या गटाराच्या दोन काठांवर उभे राहून भांडायला लागले, आणि त्यांच्याबरोबर पोरंही दोन काठांवर वाटली गेली.

तेव्हा सगळ्यांना ओट्याच्या टोकाला बसलेली आय दिसली. बाजार आटोपून, उरलेल्या बोंबलांची टोपली शेजारी ठेवून ती कधीपासून तिथे बसली होती कोण जाणे. खिडकी तिच्या डोक्यावर होती आणि उघडी होती.

"हे बघा, हे," यजमान मुख्याध्यापक विजयाने म्हणाले. "या बाईंचा वास आहे. आमच्या गटाराला दोष लावताय. ओ बाई, उठा इथून. शाळेच्या ओट्यावर ही घाण आणून ठेवायची असते का?"

आयने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दवात भिजलेला बोंबील हातात घेऊन, तो कुठल्या ढिगात टाकायचा हे ठरवताना ती जशी बघे, तसं. मग ती उठली आणि चुंबळ डोक्यावर ठेवायला लागली.

मला शूरपणाबद्दल कधी कोणी नावाजलेलं नाही, आणि तेव्हाही ते शूरपणामुळे झालं नसावं. ती चुंबळ तिच्या डोक्यावरून दोनदा घसरली, ते मी पहिल्यांदाच बघत होते, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "ती माझी आय आहे," मी म्हणाले. "वास टोपलीचा नाय. माझ्या पोलक्याचा आहे. आमच्याकडे बोंबील वाळतात तिथेच ते वाळवलं. आणि घाण नाय ते. तीन पाण्यांत धुतात. गटाराचं मी खोटं बोलले."

अंगणात वारा पडावा तसं सगळं थांबलं. साहेब उठून उभे राहिले, गुडघे झटकले, आणि हळू आवाजात, त्यामुळे जास्तच भीती वाटेल असं म्हणाले, "खोटं बोलायला तुला कोणी सांगितलं?"

मी गुरुजींकडे बघितलं नाही. पण गुरुजी सोडून बाकी सगळीकडे बघितलं, आणि ते तर त्याहून वाईट. गुरुजींचा हात खिशात रुमाल शोधत होता. त्या क्षणी कोणी पाठीमागून एखादा रुमाल सरकवला असता तर बरं झालं असतं, पण आमचा वर्ग तिथे नव्हता.

"मी सांगितलं, साहेब," आय म्हणाली.

"तुम्ही?"

"व्हय. म्हटलं, पोरीला हसतील. अडाणी बाई मी. चूक झाली."

मग साहेबांनी आयला संस्कार म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आई ही पहिली शाळा असते, असत्याचं बी घरात पेरलं जातं, आणि असं बरंच काही. भर उन्हात, हात मागे बांधून. आय मान खाली घालून ऐकत होती. आमचे गुरुजी शेजारी उभे राहून तेच ऐकत होते, आणि प्रत्येक वाक्याला त्यांची मान तिच्याहून थोडी जास्त खाली जात होती. साहेब श्वास घ्यायला थांबले तेव्हा डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तीन पाण्यांत धुता ना? मग थोडे बांधून द्या."

आयने टोपलीतले दोन ढीग दाखवले. "हे घ्या. ते नको, ते दवाने भिजलेत."

साहेबांनी हे ऐकलं. त्यांचा पुढचा परिच्छेद तोंडातच राहिला असावा, कारण ते आत निघून गेले.

निकालाला फार वेळ लागला. मी खोटं बोलले याचे गुण कापायचे, की खरं बोलले याचे द्यायचे, यावर समितीचं एकमत होईना. शेठचं म्हणणं होतं की दोन्ही बरोबर सुटतं, व्यवहारात तसंच करतात. साहेब म्हणाले, सत्य हा व्यवहार नव्हे. डॉक्टर म्हणाले, नखं मात्र पहिल्या नंबरची आहेत. शेवटी पहिलं बक्षीस उधव्याच्या लक्षीला मिळालं, कारण तिच्या उत्तरांबद्दल कोणाचाच वाद नव्हता. तिला शेठनी साबणाच्या बारा वड्या दिल्या आणि ती गोंधळून म्हणाली, "एवढ्या दिवाळ्या?" मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. उत्तेजन नक्की कशाला, खऱ्याला की खोट्याला, ते त्यावर लिहिलेलं नाही. आयने निघताना लक्षीच्या हातात मूठभर बोंबील ठेवले आणि लक्षीने तिला एक वडी दिली. त्या दिवसातला एवढाच समारंभ मला नीट झालेला वाटला.

परतीच्या एसटीला गर्दी होती. आय आणि मी मागे उभ्या होतो, टोपली आयच्या कमरेला. मी तिला विचारलं, "तू खोटं का बोललीस? तू तर कधीच बोलत नाहीस."

"मालाबद्दल बोलत नाय," ती म्हणाली. "बोंबील भिजला तर पुन्हा वाळवता येतो. मास्तर चारचौघांत भिजला की संपला. मग तुला आठवीची चिठ्ठी कोण देणार? कंडक्टर?"

थोड्या वेळाने तिने विचारलं, "घाण वास?"

मी टोपलीची कड घट्ट धरली.

"गटार तुझं नव्हतं, मला कळलं," ती म्हणाली. "घाण तुझं होतं." आणि पुढे डहाणू येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पण रानशेतच्या अलीकडे खड्डा आला, टोपली कलली, आणि पुढच्या बाकावरून गुरुजी उठले. ते गर्दीतून वाट काढत मागे आले. त्यांनी तिच्या कमरेवरची टोपली घेतली, आपल्या जागेवर नेऊन मांडीवर ठेवली, आणि दोन्ही हातांनी धरून बसले. खिडकी उघडी होती. त्यांनी तोंड बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ते अंगावरचं पोलकं हुंगत. तपासणी झाली. गुरुजी माझ्यासमोर आले, नखं बघितली, रुमाल बघितला. तो वर्गातल्या भारतीचा होता आणि नुकताच पोचला होता. "हा रुमाल या रांगेत मी आज तिसऱ्यांदा बघतोय," ते म्हणाले, आणि पुढे गेले. शेजारच्या मुलापाशी मात्र ते मुद्दाम जरा जास्त रेंगाळले, तेवढ्यात रुमाल पुढे निघून गेला. वर्गात फळ्यावर डाव्या कोपऱ्यात 'आजचा सुविचार' एवढंच लिहिलेलं होतं. खाली काही नव्हतं. उजव्या कोपऱ्यात, 'आजचे सामान्य ज्ञान' या मथळ्याखाली, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: बोंबील तीन पाण्यांत धुतात.

मी घरी येऊन आयला सांगितलं. ती दोरावर जोड्या टाकत होती. तिने एकीकडे मला कोपरापर्यंत हात धुवायची खूण केली.

"तिसरं कशाला ते लिहिलंय?"

"नाय."

"मग उद्या विचारतील," आय म्हणाली, आणि पुढची जोडी माझ्या हातात दिली.